एकोणचाळिसावा अर्ज

“विलास, तुमचा एक कागद कमी आहे,” नायरी फोनवर म्हणाली. “अर्ज एकोणचाळीस आलेत, कागद अडतीसच. तुमची अख्खी बॅच होल्डवर गेलीये.”

मंगळवार होता. सकाळचे सव्वादहा. मी हातातला कप खाली ठेवला तो नेमका फाइलवर, आणि फाइलवर चहाचं गोल वर्तुळ उमटलं. ते बाहीने पुसत मी म्हणालो, “एकदा परत मोजाल का?”

“दोनदा मोजलेत, डिअर. दुसऱ्यांदा चष्मा लावून.”

नायरी वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात होती. आमच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटं. तोपर्यंत मी तिला पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाज ओळखत होतो.

मी ग्रॅहम नावाच्या एका नोटरीकडे कामाला होतो. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाच्या आवारातलं टेबल, छत्री आणि रांग. न्यूझीलंडमध्ये नोटरी मोजके. कागद परदेशात दाखवायचा असला तरच लोक त्यांच्याकडे जातात. नोटरी मूळ कागद तपासतो, त्याला आपला दाखला जोडतो, सही करतो आणि लाल शिक्का दाबतो. मग तो कागद सरकारी खात्यात जातो. ‘हा शिक्का खरोखर याच नोटरीचा आहे’ असं लिहिलेला आणखी एक कागद खातं त्याला जोडतं. थोडक्यात, शिक्क्यावर शिक्का. दोन्ही झाले की परदेशातला साहेब कागद खरा मानतो.

पूर्वी त्यासाठी एकेका कागदाचा फॉर्म भरून काउंटरवर उभं राहायला लागायचं. त्या वर्षी खात्याने वेब सर्व्हिस सुरू केली. ती म्हणजे काय, हे मला माझ्या बायकोने, स्मिताने, लोअर हट या वेलिंग्टनच्या उपनगरातल्या आमच्या किचनमध्ये समजावलं होतं. ती कॉम्प्युटर इंजिनियर. “वेबसाइटवर तू एकेक फॉर्म भरतोस,” ती म्हणाली. “इथे तुझा कॉम्प्युटर त्यांच्या कॉम्प्युटरच्या हातात सगळा गठ्ठा एकदम देतो. मध्ये माणूस नाही.”

“मग चूक झाली तर सांगणार कोण?”

“कोणी नाही. म्हणून आधीच नीट कर.”

अर्ज असे एका फाइलमधून जायचे. एका ओळीत एक माणूस. मूळ कागद मात्र पाकिटात घालून मी चालत नेऊन खात्याच्या रिसेप्शनला द्यायचो. ओळींच्या क्रमाने कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलने नंबर घालायचे, म्हणजे तिकडे जुळवायला सोपं.

माझं स्वतःचं शिक्षण सांगायचं तर दहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणितात गेलो. त्यानंतर कराडच्या कोर्टाबाहेर देसाई वकिलांच्या टेबलावर अकरा वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप केली. स्मिताला इकडे नोकरी लागली तेव्हा तिच्या मागोमाग आलो. सहा महिने कोणी दारात उभं केलं नाही. ग्रॅहमनी केलं. त्यांनी मार्कशीट मागितलीच नाही. एक हस्तलिखित पान माझ्यापुढे ठेवलं आणि टाइप करायला सांगितलं. एकही चूक निघाली नाही. “तीन महिने टेम्पररी,” ते म्हणाले. “ही नवी वेब सर्व्हिसची भानगड तू सांभाळ. पहिली मोठी बॅच नीट गेली की पुढचं बोलू.”

ती पहिली मोठी बॅच हीच. ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागातला एक कारखाना दूध पावडरची मशिनरी बनवायचा. त्यांचे फिटर आणि वेल्डर वर्षभरासाठी आखातातल्या एका साइटवर निघाले होते. तिथल्या व्हिसाला प्रत्येकाचं मूळ ट्रेड सर्टिफिकेट शिक्क्यांसह लागत होतं. विमान शनिवारचं. खात्याचा नियम असा की बॅचमधला एक जरी कागद जुळला नाही तरी सगळी बॅच अडकते.

“कुणाचा कागद कमी आहे?” मी नायरीला विचारलं.

“शेवटचा नंबर, दोनशे बावन्न. टेविटा फोनुआ. तुझे पेन्सिलचे नंबर अडतीसलाच संपतात.”

मी ड्रॉवरमधून खात्याची पावती काढली. वेब सर्व्हिसने उलट पाठवलेली. ‘बॅच स्वीकारली. अर्ज क्रमांक २१४ ते २५२.’ ती आल्याबरोबर मी कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली होती. दोनशे बावन्न वजा दोनशे चौदा, अडतीस. कॅल्क्युलेटर चुकत नाही, म्हणून निर्धास्त झालो होतो. आता परत केली. परत अडतीस. पण नायरीकडे अर्ज एकोणचाळीस होते, आणि गणितात मी कुणाशी वाद घालत नाही.

मी ग्रॅहमच्या खोलीत गेलो. ते सत्तरीला आलेले. उंच, थोडे वाकलेले, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. मी पहिला महिना त्यांना ‘सर’ म्हणत होतो. मग एक दिवस ते म्हणाले, “विलास, मला राणीने सर केलेलं नाही. तू एकट्याने करू नकोस.” तेव्हापासून मी ग्रॅहम म्हणायचो, पण मनात सर म्हणूनच.

“टेविटा?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तो मागाहून आलेला ना? शुक्रवारच्या कुरियरने. त्याच्यावर शिक्का मारल्याचं मला आठवतंय.” थोडं थांबून म्हणाले, “निदान वाटतंय तरी.”

त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिथलं एचआर शेरिल नावाची बाई बघायची.

“एकूण माणसं किती, शेरिल?”

“अडतीस. थांबा, टेविटा धरून अडतीस की सोडून? मी गाडीत आहे, लिस्ट ऑफिसात. पण सगळी सर्टिफिकेटं मी पाठवली. टेविटाचं तर मी स्वतः पाकिटात घातलं. का? काय झालं?”

ग्रॅहमनी काय झालं ते सांगितलं. “मी टेविटाला कळवते,” ती म्हणाली.

मग आम्ही शोधायला लागलो. मी कपाटं ओढली, त्यांच्या मागे बघितलं. फोटोकॉपी मशीनचं झाकण उघडलं. ग्रॅहम रिसायकलिंगचा खोका घेऊन गालिच्यावर बसले आणि एकेक कागद उलगडून बघू लागले. मी म्हटलं, “तुम्ही उठा, मी बघतो.” ते म्हणाले, “शिक्का माझा आहे.” खोक्यातून गेल्या ख्रिसमसची दोन कार्डं निघाली आणि एक हरवलेलं लायब्ररीचं पुस्तक. सर्टिफिकेट नाही.

साडेअकराला टेविटाचाच फोन आला. शेरिलने त्याला कळवलं होतं. स्पीकरवर मोठा, संथ आवाज. मागे ग्राइंडर चालला होता.

“किया ओरा, ग्रॅहम. नो वरीज, बरं का. फक्त एक विचारायचं होतं. ते सर्टिफिकेट डुप्लिकेट मिळेल का?”

“कुठून घेतलं होतंस?”

“टोंगातून. ट्रेनिंग स्कूल होतं. ते आता बंद झालंय.” ग्राइंडर थांबला. “माझ्या आईने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. तुमच्यासाठी फ्रेमची पिन उचकटून काढलं. ती रोज विचारते, कागद परत कधी येणार.”

“मी शोधतो,” ग्रॅहम म्हणाले.

“स्वीट अ‍ॅज,” टेविटा म्हणाला. इकडच्या बोलीत ‘एकदम मस्त’, पण आवाज तसा नव्हता.

माझ्याजवळ भिंतीवर लावण्यासारखा एकही कागद नाही. म्हणून असेल, पण ती उचकटलेली पिन मला फार लागली.

जेवायच्या सुट्टीत ग्रॅहम जेवले नाहीत. त्यांनी शिक्क्याचं यंत्र पुसलं, त्याच्या लाकडी पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. ती पेटी रोज टेबलावर असायची.

“मागच्या महिन्यात मी गाडी कुठे लावली ते विसरलो होतो,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “त्याला मी वय म्हटलं. पण माणसाचा एकुलता एक कागद हरवायचा म्हणजे... मार्गरेट वर्षभर म्हणतेय, पुरे करा. मला वाटतं, तिचं बरोबर आहे.” मार्गरेट म्हणजे त्यांची बायको. “कारखान्याला एक पत्र टाइप कर. कागद आमच्याकडून गहाळ झाला, जबाबदारी माझी. दोनच ओळी.”

मी लेटरहेडचा कागद काढायला गेलो.

पत्रांसाठी आमच्याकडे एक इलेक्ट्रिक टाइपरायटर होता. ग्रॅहमना प्रिंटरची पत्रं आवडत नसत. लेटरहेडचा कागद जाड, महागातला. एक चूक म्हणजे एक कागद वाया. आता कराडची एक सवय सांगायला हवी. तिथे स्टँपपेपरवर काम चालायचं. त्यावर खाडाखोड चालत नाही आणि वर देवाचं नावही घालता येत नाही. म्हणून देसाई वकिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आधी मशीनमध्ये एक चिठोरी घालायची, तिच्यावर ‘श्री’ टाइप करायचं. रिबनची शाई नीट उमटते का तेही कळतं आणि देवाचं नावही घेतलं जातं. मग चिठोरी फाडून टाकायची आणि खरा कागद लावायचा. अकरा वर्षं, दिवसातून पन्नास वेळा. हात आपोआप करायचे.

त्या दुपारीही केलं. चिठोरी घातली. इंग्रजी टाइपरायटर, म्हणून S, h, r, e, e. शाई ठीक होती. चिठोरी ओढून काढली, फाडायला दोन्ही हातांत धरली, आणि हात तसेच राहिले.

ही मी फाडतोय. फाइलमधली फाडली होती का?

कॉम्प्युटरवर बॅचची फाइल उघडली. ती शेवटी जिथे सेव्ह केली तिथेच उघडायची, म्हणजे खाली, टेविटाच्या ओळीवर. वर गेलो. वर, वर, अगदी वर.

पहिली ओळ: Shree Ganesh.

दोन आठवड्यांपूर्वी खात्याने सरावासाठी टेस्ट साइट दिली होती. तिथे काहीही पाठवा, खरं काही होत नाही. मी नवीन फाइल घेतली आणि पहिल्या ओळीत नुसतं ‘श्री’ घातलं. सिस्टिमने नाकारलं, आडनाव हवं. गणेश घातलं. मग जन्मतारीख हवी. एक जानेवारी एकोणीसशे घातली. मग व्यवसाय हवा. घरच्यासारखं वाटायला लागलं होतं आणि बघणारं कोणी नव्हतं, म्हणून लिहिलं: विघ्ने दूर करणे. अर्थात इंग्रजीत. सिस्टिमने आनंदाने स्वीकारलं. पुढे तीच फाइल उघडून तिच्याखाली मी खऱ्या माणसांच्या ओळी चिकटवल्या. चिठोरी मशीनमध्येच राहिली.

म्हणजे कागद हरवलाच नव्हता. अर्जच एक जास्त होता. आणि माझी वजाबाकी? मी बोटांवर मोजलं. दोनशे चौदा, पंधरा, सोळा. तीन झाले. सोळा वजा चौदा, दोन. पहिला नंबरही मोजायचा असतो. दहावीला दोनदा का गेलो, ते तेव्हा नीट कळलं.

मी नायरीला फोन लावला. “गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा कागद, नंबर अडतीस. त्यावर नाव काय आहे?”

कागद सरकल्याचा आवाज आला. “टेविटा फोनुआ,” ती म्हणाली. आणि मग, “अरे!”

“आणि तुमच्या स्क्रीनवरचा पहिला अर्ज?”

“श्री गणेश. जन्म एकोणीसशे. बापरे, शंभर वर्षांवरचा माणूस! व्यवसाय, अडथळे काढणे. डिमोलिशनमध्ये आहे का हा?”

“तो आमचा देव आहे,” मी म्हणालो.

थोडा वेळ ती हसणं आवरत होती हे मला ऐकू येत होतं. मग म्हणाली, “बरं. एक ओळ रद्द करायची तर नोटरीच्या सहीचं पत्र लागतं, कारण लिहून. चारच्या आत आण. मी आजच जुळवायला घेते.”

तीन वाजायला वीस मिनिटं होती.

मी लेटरहेड लावलं आणि टाइप केलं, ‘टेक्निकल एररमुळे एक अर्ज जादा गेला आहे, तो रद्द करावा.’ वाचलं. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जगातल्या सगळ्या ऑफिसांतून असंच जातं. ग्रॅहम माझी पत्रं न वाचता सही करायचे, पहिल्या महिन्यापासून. टेविटाचा कागद खात्यातच सापडला म्हटलं की ते खूश झाले असते. नवी यंत्रणा आहे, व्हायचंच, म्हणाले असते. माझे तीन महिने शुक्रवारी संपत होते. लोअर हटच्या घराच्या भाड्यातला माझा वाटा मी नुकताच द्यायला लागलो होतो.

पण देसाई वकील एक गोष्ट फार मानायचे. दुसऱ्याच्या सहीसाठी कागद टाइप करतोस तेव्हा त्याचं नाव तुझ्या हातात असतं. ते अशिलांना ओरडायचे नाहीत, पण यावरून मला दोनदा ओरडले होते.

मी तो कागद काढला. दुसरा महाग कागद लावला. ‘आमचे कर्मचारी विलास यांनी सरावासाठी घातलेली ओळ क्रमांक एक त्यांच्याकडून फाइलमध्ये राहून गेली. ती खऱ्या व्यक्तीची नाही. नोटरीकडून कोणताही कागद गहाळ झालेला नाही.’ शेवटचं वाक्य खात्याला नको होतं. ते मी घातलं.

ग्रॅहमनी पेन उघडलं आणि सही करायला हात नेला.

“वाचा,” मी म्हणालो. “प्लीज.”

त्यांनी वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी डोळे थांबले. मग परत वरून वाचलं.

“म्हणजे मी शिक्का मारला होता.”

“हो.”

“टेविटाच्या कागदावर.”

“हो. तो पहिल्यापासून तिथेच आहे, सगळ्यात खाली. चूक माझी. सगळी. सकाळपासून तुम्ही गालिच्यावर बसलात ते माझ्यामुळे. सॉरी, सर.” सर तोंडातून निघून गेलं.

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. त्याला बराच वेळ लागला. मी उभाच होतो.

“ओळ क्रमांक एक कोण आहे?”

मी सांगितलं. चिठोरी, शाई, देसाई वकील, सगळं. व्यवसायाचा रकाना गाळणार होतो, पण तोही सांगितला.

“अडथळे काढणे,” ग्रॅहम म्हणाले. “आज कसं काय चाललंय त्यांचं?”

“आज काही खास नाही.”

“असं कसं म्हणतोस? कित्येक वर्षांत पहिल्यांदा या ऑफिसची कपाटं हलली. माझं लायब्ररीचं पुस्तक सापडलं.” त्यांनी सही केली. मग उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून शिक्क्याची पेटी काढली आणि टेबलावर तिच्या जागी ठेवली. “पळ. वाऱ्यात पत्र उडवू नकोस. आणि टेविटाला मी फोन करतो. तेवढं मला करू दे.”

मी पत्र शर्टाच्या आत घालून पळालो. खात्याच्या काउंटरवर करड्या केसांची, ठेंगणी बाई माझी वाटच बघत होती. “देवाचे वकील आले,” नायरी म्हणाली, आणि माझ्यासमोर ओळ क्रमांक एक रद्द केली. मी आत कुठेतरी माफी मागितली.

गुरुवारी दुपारी अडतीस कागद, खात्याचा दाखला रिबनीने जोडून, हातात आले. मी ते मोजले. पावतीवरून नाही, कागदावरून, एकेक बाजूला ठेवत. तीन वेळा. संध्याकाळच्या कुरियरने ते ऑकलंडला गेले. कारखान्याने व्हिसाचं बाकीचं आधीच लावून ठेवलं होतं. शनिवारी विमान गेलं, त्यात टेविटाही गेला. त्याच्या आईने सांगितलंय म्हणे, वर्षभराने कागद सुरकुती न पडता परत फ्रेममध्ये आला पाहिजे.

शुक्रवारी माझा तिसरा महिना संपला. पाच वाजले तरी ग्रॅहम काही बोलले नाहीत. मी जॅकेट घातलं. तेव्हा आतून टाइपरायटरचा आवाज आला. ग्रॅहम दोन बोटांनी टाइप करायचे, त्यामुळे वेळ गेला. माझी घरी जाणारी हट व्हॅलीची ट्रेन गेली, तरी मी उभा राहिलो. मग ते लेटरहेडचा एक कागद घेऊन बाहेर आले. कायम नेमणुकीचं पत्र होतं. कोपऱ्यात पिन लावून एक चिठोरी जोडलेली. तिच्यावर टाइप केलेलं: Shree.

“आधी हे करायचं, बरोबर?” त्यांनी विचारलं. “फक्त पुढे काय करतात ते मला आठवेना. ठेवायची की फाडायची?”

“फाडायची असते,” मी म्हणालो.

मी फाडली नाही. ते पत्र फ्रेम करून आमच्या लोअर हटच्या घरात लावलंय, चिठोरीसकट. स्मिता म्हणते, पाहुणे विचारतात. विचारू देत.

फाइलींच्या बाबतीत मात्र मी तेव्हापासून फार कडक आहे. ‘श्री’ कागदाच्या तुकड्यावर लिहितो, तुकडा फाडतो, टोपलीत टाकतो, आणि मगच माउसला हात लावतो. आणि पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत किती, हे काढायचं झालं की वजाबाकी करतो आणि एक मिळवतो.